भिंतीवरची चौथी तसबीर

हॅकबेरी बेंड, टेक्सास
शुक्रवार, २६ जानेवारी १९७३

प्रिय वर्डेल,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून ते केराच्या डब्यात टाकलं नसशील, तर आधी खुशाली सांगते. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कामाला नाही म्हणत नाहीत. या महिन्यात इथे चक्क बर्फ पडला आणि आईचं अंजिराचं झाड करपलं. मुळाशी जीव आहे, फुटेल. बालवाडीतल्या मुलांचा स्वयंपाक अजून मीच करते. तिथे ओकलंडला तुझा दमा कसा आहे? पाच वर्षांत विचारलं नाही, म्हणून विचारते.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन सोमवारी गेले, हे तुला कळलंच असेल. आणि मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की व्हिएतनामचं युद्ध थांबणार. उद्या सह्या होतील म्हणतात. एका दिवसाची चुकामूक झाली बघ.

मी त्यांच्या अंत्यदर्शनाला ऑस्टिनला गेले होते. आता चिडू नकोस. चिडलीस तर चीड, पण पुढे वाच.

डीकन टोलिव्हरनी चर्चची गाडी काढली होती. रस्ताभर त्यांचं एकच चालू होतं, की मतदान करायला आपले वडील टोपी हातात धरून जायचे आणि तसेच परत यायचे, आज आपण ताठ मानेने जातो ते या माणसामुळे. मी माना डोलावत होते. मला तरी दुसरं काय आठवणार? बाबांना पोटाच्या दुखण्याने जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, तेव्हा मागच्या दाराने आत घेतलं आणि तळघरात, बॉयलरशेजारच्या खोलीत ठेवलं. रात्रभर कोणी फिरकलं नाही. ते तिथेच गेले. तू तेव्हा वीस वर्षांची होतीस.

पंधरा वर्षांनी त्याच इस्पितळात मी आईला मोतीबिंदूसाठी नेलं. म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा जॉन्सनचा कायदा झाला होता आणि ज्या इस्पितळात काळा-गोरा भेद त्याला सरकारी पैसा नाही, असा हुकूम होता. आईला दिसत काहीच नव्हतं. तिने विचारलं, "ओझेला, कुठलं दार हे?" मी म्हटलं, पुढचं. तिचा विश्वास बसेना. तिने चौकट हाताने चाचपून पाहिली, वरपासून खालपर्यंत, आणि मग पाऊल टाकलं. मागे गोरी माणसं खोळंबली होती, पण एकानेही तोंड उघडलं नाही.

त्याच आठवड्यात मी ती तसबीर आणली. येशू, केनेडी, डॉक्टर किंग आणि चौथ्या खिळ्यावर जॉन्सन. आईला जाड भिंगांचा चष्मा मिळाल्यावर ती ते मोठे कान बघून हसत सुटली होती.

तर ऑस्टिनची रांग. चार तास उभी होते. माझ्या मागे एक गोरी मुलगी होती, अंगात कोणा सैनिकाचा जुना कोट, बाह्या हाताच्या बाहेर लोंबत होत्या. मी म्हटलं, पोरी, थंडी वाजत असेल तर माझी शाल घे. घेतली तिने. मग म्हणाली, "मी रडायला नाही आले हं, बाई. तो खरंच गेला याची खात्री करायला आलेय. कोट भावाचा आहे." भाऊ परत आला का, ते मी विचारलं नाही. तिनेच मला विचारलं, तुमचं कोणी गेलं का तिकडे?

"बहिणीचा मुलगा," मी म्हटलं.

"मग तुम्ही कशा इथे?"

"माझ्या आईला त्याने डोळे दिले."

"आणि बहिणीला काय दिलं?"

वर्डेल, मी शाल तिच्याकडेच राहू दिली आणि रांगेत पुढे सरकले. पुढे शवपेटीपाशी पोचले तेव्हा मनात घोकलेलं 'उपकार झाले' तोंडातून निघेना. निघालं ते तुझ्या पोराचं नाव, "रेफील्ड". मोठ्याने निघालं असावं, कारण तिथल्या शिपायाने वळून पाहिलं.

लहानपणी तू म्हणायचीस, ओझेलाच्या तोंडात तीळ भिजत नाही. एक भिजला गं. सहा वर्षं भिजतोय.

तू रेफील्डला तिकीट पाठवलं होतंस. तीन जानेवारीची बस, ऑस्टिन ते ओकलंड. पत्रात लिहिलं होतंस की कॉलेजात नाव घातलंय, नाव लागलं की लष्कराचं बोलावणं पुढे ढकलतात, तू फक्त ये. तो आला नाही. मग तो लष्करात गेला आणि नोव्हेंबरात झेंड्यात गुंडाळून आला. दफनाच्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून म्हणालीस, "तो आठ वर्षांचा असताना मी त्याला सोडून गेले, त्याची शिक्षा दिली त्याने मला. तिकीट हातात असून आला नाही." मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

मग तू बाहेरच्या खोलीत गेलीस, ती तसबीर पाहिलीस आणि म्हणालीस, ही उतरव आणि त्या खिळ्यावर माझ्या पोराचा फोटो लाव. मी नाही म्हटलं. त्यावरून काय झालं ते अख्ख्या गावाने ऐकलं. तुला वाटलं मी त्या माणसाची भक्त, म्हणून अडून बसले. तसं नव्हतं. ती तसबीर उतरवली असती तर मला माझ्या तोंडाने काय काय कबूल करावं लागलं असतं, त्याची भीती होती.

दोन जानेवारीला संध्याकाळी रेफील्ड दारापुढच्या ओट्यावर आला. बॅग भरलेली होती. पिकानच्या अक्रोडांची पिशवीसुद्धा तयार होती. इथून कॅलिफोर्नियाला जाणारं कोणी त्या पिशवीशिवाय जात नाही, तुला माहीत आहे. ओढ्याकाठचे पिकान त्याने स्वतः वेचले होते, आईने चष्मा लावून एकेक निवडला होता. तो म्हणाला, "मावशी, तू एकदा जा म्हण. तू म्हणालीस की मी डोळे मिटून जातो."

आणि मी काय म्हटलं? मी आत भिंतीकडे बोट दाखवलं. म्हटलं, त्या माणसाने दिलेला शब्द पाळला. तुझी आजी पुढच्या दाराने आत गेली. आता त्याने हाक मारली आणि आपली पोरं लपून बसली, तर कुठल्या तोंडाने आपण त्या दारातून पुन्हा आत जाणार? खाल्ल्या मिठाला जागावं, बाळा.

त्याने बॅग खाली ठेवली. मग तिकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आईला मी कळवीन. तू नको सांगू, ती तुझ्यावर चिडेल." कळवायचं राहिलं असेल, किंवा मला वाचवायला कळवलं नसेल. मी ते तिकीट तसबिरीच्या मागे खोचलं.

पिकान घरातच राहिले. दफनाच्या दिवशीचा गोड केक मी त्यांचाच केला. तू त्यातला एक तुकडा खाल्लास. मी बघत होते.

आईने आतून सगळं ऐकलं होतं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त शेवटच्या दिवशी, प्राण जाताना म्हणाली, डोळे आले नसते तर बरं झालं असतं, ती पेटी तरी बघावी लागली नसती. आणि वर्डेलला सांग. त्यालाही तीन वर्षं होतील.

परतीच्या गाडीत पुन्हा तेच चाललं होतं, त्या माणसाने केलेलं भलं जड की वाईट जड. डीकन म्हणाले, ते देव बघेल. मला विचारशील तर दोन्ही खरं आहे. आईचा हात चौकटीवरून फिरताना मी पाहिलाय, तो खोटा म्हणता येणार नाही. आणि आपलं पोर मातीत आहे. एकाने दुसरं पुसत नाही. पण त्याचा न्याय करायला मी निघाले कोण? रेफील्डला त्याने ओळखलंसुद्धा नसतं. मी त्या पोराला दहा वर्षं भरवलं होतं, ताप आला की मांडीवर घेतलं होतं. त्या माणसाने पत्र पाठवून बोलावलं, मी बोट दाखवून धाडलं. खुर्ची सोडायला लावून जी शिक्षा देशाने त्या माणसाला दिली, तिचा वाटा मला मिळायचा राहिलाय, आणि तो द्यायचा हक्क तुझा आहे.

तसबीर काल उतरवली. फेकवली नाही, आईच्या ट्रंकेत ठेवली. त्या खिळ्यावर रेफील्ड आहे, शाळेच्या निकालाच्या दिवशीचा, कोटातला. गणवेशातला नाही.

तिकीट सोबत पाठवते. त्याच्या पाकिटावर मागे त्याने पेन्सिलीने लिहिलंय, ते आधी वाच: "आईसाठी — पिकान, अंजिराचा मुरंबा, निळा सदरा घालून उतरायचं, म्हणजे ओळखेल."

तो तुझ्यावर रागावला नव्हता, वर्डेल. तो तुझ्याकडे निघाला होता.

उत्तर लिहू नकोस असं म्हणणार होते. पण लिही. काय हवं ते लिही.

त्याला ओट्यावर अडवणारी,
तुझी थोरली बहीण
ओझेला