स्तामातियाचे नाव दगडावर कोरण्यापूर्वी

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य अधिकारी,
द्वीपसमूह विभागीय कार्यालय,
तिसरा मजला, बंदर मार्ग.

विषय : ‘दक्षिणवाऱ्यातले चुंबन’ या चित्रपटास दिलेला ‘इतिहासाशी सुसंगत’ हा दाखला रद्द करणे, आणि पालिओस्काला गावच्या चौकातील नियोजित शिलालेखातून कै. स्तामातिया हिचे नाव वगळणे.

संदर्भ : ग्रामसमितीची सूचना, दि. २७ सप्टेंबर २०१०. (चित्रपटाचा खेळ व शिलालेखाचे अनावरण, दि. २८ ऑक्टोबर.)

महोदय,

मी कालिरोई झान्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पालिओस्काला. या चित्रपटाची नायिका म्हणून जी इव्हान्थिया दाखवली आहे, तिची मी सख्खी धाकटी बहीण. त्या घरातली आता मी एकटीच उरले आहे. हा अर्ज मी चार वेळा लिहून चार वेळा चुलीत घातला. अक्षर हलले आहे ते वयामुळे नव्हे, भीतीमुळे. सांभाळून घ्यावे.

१. आधी किरकोळ चुका लिहिते, कारण त्या लिहायला भीती वाटत नाही. चित्रपटात आमच्या टेबलावर पांढरा पाव, चीज आणि सुरई भरून वाइन आहे. त्या हिवाळ्यात, म्हणजे १९४२ साली, बेट इटालियनांच्या ताब्यात असताना, आम्ही शेळ्यांना घालायच्या शेंगा दळून त्यांची भाकर खात होतो, आणि डोंगरावरचा पाला. नायिकेच्या पायात रेशमी मोजे आहेत. आम्हा दोघी बहिणींत मिळून बुटांचा एक जोड होता. ती बाहेर गेली की मी घरात. बिनतारी यंत्र पावडरच्या डबीत मावते असे दाखवले आहे. खरे यंत्र आणि त्याची बॅटरी माझे वडील गाढवावर, शेणखताच्या पोत्याखाली घालून आणत. हे सगळे मी दिग्दर्शकांना सांगितले होते. ते हसून म्हणाले, “आजी, सिनेमात थोडा मीठमसाला लागतोच.” मी म्हटले, “मिठाचा तोटा नव्हता रे बाबा, समुद्र होता. मसाला कुठून आणलास तेवढं सांग.”

२. प्रेमाबद्दल. चित्रपटात इव्हान्थिया आणि तो इंग्रज हेर एडविन शत्रूच्या गस्तीसमोर धक्क्यावर चुंबन घेतात. आमच्या गावात असे झाले असते तर गस्त पोहोचायच्या आधी माझ्या आत्याने दोघांना गाठले असते. शेवटी ती दीपस्तंभावरून उडी टाकते. प्रत्यक्षात तिने जकात कचेरीतल्या एका भल्या कारकुनाशी लग्न केले, चार मुले वाढवली आणि शहात्तराव्या वर्षी पिरेअसला मधुमेहाने गेली. एडविन आमच्या घरी एकोणीस दिवस होता. तिने त्याचे मोजे रफू केले. त्याने एकदा डाळिंब फोडून मोठा अर्धा भाग तिच्यापुढे सरकवला, आणि ती लाल होऊन उठून गेली. प्रेम नव्हते असे मी म्हणत नाही. होते ते एवढेच होते, आणि मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

३. यापैकी कशासाठीही मी आपल्याला त्रास दिला नसता. पण चित्रपटात गावची शिवणकाम करणारी स्तामातिया, तिच्या खऱ्या नावाने, मत्सरापोटी इटालियन अधिकाऱ्याच्या कानाला लागते आणि एडविन पकडला जातो. आपल्या दाखल्यामुळे ही गोष्ट आता इतिहास झाली आहे, आणि समिती तीच चौकातल्या संगमरवरावर कोरणार आहे.

स्तामातिया इटालियन शिपायांची बटणे लावून द्यायची हे खरे. त्याबदल्यात तिला मॅकरोनी मिळायची, आणि तिची अर्धी ती आमच्या घरी आणून द्यायची हेही खरे. लढाईनंतर गावाने तिला सुईभर काम दिले नाही. ती आली की बायका रस्ता ओलांडून पलीकडे जात. १९७१ साली ती गेली. तिची मुलगी अर्गिरो आज एकाहत्तर वर्षांची आहे आणि दोरे-बटणांचे दुकान चालवते. सिनेमा आल्यापासून त्या दारावर तीन वेळा रंगाने ‘गद्दार’ लिहिले गेले. बोटीतून उतरणारे पाहुणे त्या दारापुढे उभे राहून फोटो काढतात. गेल्या रविवारी भर सकाळी, चर्च सुटल्यावर, खिडकीतून दगड आला आणि तिची भुवई फुटली. दगड कोणी मारला ते कुणीच पाहिले नाही. चौकात तेव्हा चाळीस माणसे होती, त्यांत मीही होते.

४. महोदय, स्तामातियाने कुणालाही काही सांगितले नाही. सांगितले ते मी.

सहा डिसेंबर, संत निकोलसचा दिवस, म्हणजे त्याच संताचे नाव ठेवलेल्या माझ्या वडिलांच्या नावाचा दिवस. आपल्याकडे शहरात ही चाल उरली आहे की नाही माहीत नाही म्हणून लिहिते. नावाच्या दिवशी घरचे पाच पाव चर्चमध्ये न्यायचे. पाद्री घरातल्यांची नावे चिठ्ठीवरून मोठ्याने वाचतात आणि मग ते पाव सगळ्यांना वाटतात. आईने महिनाभर मूठ मूठ जव बाजूला ठेवले होते. तिला लिहिता येत नव्हते. कणीक मळता मळता ती मला म्हणाली, “पोरी, घरातल्या सगळ्यांची नावं लिही. एकही गाळू नकोस हं, गाळलं त्याचा आशीर्वाद हुकतो.”

मी दहा वर्षांची होते आणि वर्गात पहिली होते. मी वडिलांचे नाव लिहिले, आईचे, इव्हान्थियाचे, माझे. मग एडविनचे. तो आमच्या टेबलावर जेवत होता, आमच्या छपराखाली झोपत होता. त्याच्या कागदपत्रांवर स्पिरोस असे नाव होते, आणि गावात कुणी विचारले तर तेच सांगायचे असे मला पढवले होते. पण ती चिठ्ठी गावासाठी नव्हती, देवासाठी होती. देवाला खोटे नाव कसे सांगायचे? मी खरे लिहिले.

आमचे पाद्री पापा-झाफिरिस म्हातारे होते, समोर येईल ते सुरात वाचून जात. त्या नावाशी त्यांचा आवाज अडकला. ते खोकले आणि घाईने पुढे गेले. बायांचे डोळे पावांवर होते. पण गायकांच्या शेजारी इटालियनांचा दुभाष्या उभा होता. त्याने आपला तुकडा घेतला, पाद्रींच्या हाताचे चुंबन घेतले आणि माझ्यापाशी आला. “तुमच्याकडे चिठ्ठी कोण लिहितं गं?” मी म्हटले, “मी.” “शहाणी आहेस,” असे म्हणून त्याने माझ्या गालावर थोपटले. घरापर्यंत मी उड्या मारत गेले.

शिपाई आले तेव्हा आमची ताटे अजून उचलली नव्हती. एडविनला गुरुवारी जकात कचेरीमागे गोळी घातली. वडिलांना छावणीत नेले, ते परत आले नाहीत. चिठ्ठी पाद्रींनी जाळली. आईने मला भट्टीमागे ओढून नेले आणि माझे दोन्ही खांदे धरले : “तू काही लिहिलं नाहीस. तुला लिहिताच येत नाही अजून. कळलं?” ते खरे वाटावे म्हणून तिने मला दोन वर्षे शाळेतून काढले.

ते नाव चर्चमध्ये आणखी कुणीतरी ऐकलेच असणार. पण ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घराकडे बोट कोण दाखवणार? स्तामातियाकडे दाखवणे सोपे होते. वडिलांच्या बातमीनंतर ती मॅकरोनीची थाळी घेऊन आमच्या दारी आली होती. आईने दार लावून घेतले. मी दाराच्या आत होते.

५. आता माझ्या भीतीबद्दल. माझ्या वडिलांच्या नावाचा गावात रस्ता आहे. दर अठ्ठावीस ऑक्टोबरला, राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात, मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. शिलालेख समितीचा अध्यक्ष माझा मुलगा मार्कोस आहे. दाखल्याविषयी मी कुरकुरले तेव्हा तो म्हणाला, “आई, सिनेमामुळे बोटी भरून माणसं येतायत. कशाला राख उकरतेस? कॉफी घे, गप बस.” वर लिहिलेले त्याला ठाऊक नाही. ते त्याला आपल्या कार्यालयाच्या पत्रातून कळेल, याची मला दगडापेक्षा जास्त भीती वाटते.

सही साक्षांकित करण्यासाठी मी बंदरावरच्या नागरी सेवा केंद्रात गेले होते. खिडकीत माझी सून बसते. माझा क्रमांक आला तेव्हा मी बोटीची वेळ विचारली आणि परत आले. म्हणून या अर्जावर शिक्का नाही. तेवढ्या कारणाने तो बाजूला ठेवू नये.

६. विनंती अशी की, दाखला रद्द व्हावा. दगडावर स्तामातियाचे नाव कोरू नये. कुणाचे तरी कोरायचेच असेल तर माझे कोरावे, शब्द समितीने ठरवावेत. निकाल होईपर्यंत अर्गिरोच्या दुकानापुढे एक पोलीस शिपाई उभा करावा. माझ्या घराला नको.

या अर्जाची एक प्रत मी आज सकाळी अर्गिरोला स्वतः नेऊन दिली. तिच्या भुवईवर अजून पट्टी आहे. ती म्हणाली, “बस की कालिरोई, कॉफी ठेवते, मग निवांत वाचते.” ती आत वळली आणि मी निघून आले. आता दुपारचे तीन वाजले आहेत, तिचे वाचून झाले असेल. हा अर्ज मागे घेण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. मी दाराला कडी लावलेली नाही. लावावीशी फार वाटते आहे.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
कालिरोई झान्नी

पालिओस्काला, दि. ११ ऑक्टोबर २०१०

सोबत :
१) ओळखपत्राची प्रत
२) अर्गिरोच्या दुकानाच्या दाराचे छायाचित्र (मी काढलेले, थोडे हललेले आहे)
३) ग्रामसमितीच्या सूचनेची प्रत, अध्यक्षांच्या सहीसह