मंगळवारचा वारा

५ फेब्रुवारी १९८६, बुधवार

काल पहिल्यांदाच वारा मोजायच्या खांबाकडे गेलो नाही. टायपिंगचा क्लास लागला — दर मंगळवारी, सकाळी सात, पेडण्याला. आणि सड्यावर, गावाबाहेरच्या कातळपठारावर, खांबाच्या पेटीतला आकडा रोज आठच्या ठोक्याला टिपायचा. एक माणूस दोन ठिकाणी कसा असणार?

आज जाऊन पाहिलं. सोमवार सकाळपासून आज सकाळपर्यंत किती वारा गेला ते काढलं, निम्मा सोमवारच्या ओळीत लिहिला, निम्मा मंगळवारच्या. पुढे नेहमीचं — ‘स्वतः पाहिले’ आणि सही. वर वाऱ्याने वाट्या फिरतात, खाली पेटीत आकडा साठत जातो, एक किलोमीटरही हरवत नाही. मग कुणाचं काय बिघडलं?

१२ मार्च, बुधवार

वाऱ्याच्या सर्व्हेचे इंजिनिअर शिवदास नायक आले होते. खांब बघितला, वही चाळली, म्हणाले, ‘मास्तर, अक्षर बरें आसा तुमचें.’ एक इंग्रजी मासिक देऊन गेले. त्यात कॅलिफोर्नियातल्या एका खिंडीचा फोटो — टेकडीमागून टेकडी, सगळीकडे पवनचक्क्या. हजारोंनी! त्या एका राज्यात हजार मेगावॅटच्या वर वीज निव्वळ वाऱ्यावर. मेगावॅट म्हणजे किती हे मुलांना सांगायला मलाच आधी पुस्तक उघडावं लागलं.

इथून उत्तरेला देवगडलाही चक्क्या लागल्यात. मग आमच्या मोपाच्या सड्यावर का नाही? साहेब म्हणाले, वर्षाची सरासरी ताशी अठरा किलोमीटर भरली तर प्रस्ताव जाईल. अठराच्या खाली — खांब काढून नेणार. आणि चक्क्या आल्या तर ऑफिस येईल, ऑफिसात लिहिता-वाचता टाईप करता येणारा माणूस लागेल. ते हे म्हणाले नाहीत. मी म्हणतोय.

चौदा वर्षं तेच फळे, तीच उजळणी. बास झालं आता.

२ एप्रिल, बुधवार

विठू आज खांबाशी बसला होता. हा आमचा पाडेली — वाडीतल्या सगळ्या माडांचे नारळ हाच पाडतो. साठी उलटली असेल, पण माडावर असा चढतो की आपण खाली उभं राहून घाबरावं. सड्याच्या कडेलाच त्याचं खोपटं. सकाळी मला पाहिलं की विडी विझवून उठतो.

वर बघत म्हणाला, ‘मास्तर, हें रातचेंय फिरता?’

फिरतं की, म्हटलं. रात्रंदिवस.

‘आनी न्हिदता केन्ना?’

झोपतं कधी म्हणे! हसून हसून पोटात दुखलं. घरी मालतीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, ‘ताका कितें हांसतात? तुमीय न्हिदनात हालीं.’

खरं आहे. झोप लागत नाही. डोळे मिटले की आकडे.

१९ जून, गुरुवार

काय वारा! छत्री उलटी होऊन गेली ती करवंदीच्या जाळीत. पेटीजवळ वाकलो तर धोतराचा सोगा डोक्यावर. कालपासून आजपर्यंतची सरासरी ताशी एकतीस! एकतीस!! सड्यावर एकटाच ओरडलो.

पण एक गोष्ट टोचते. आठवडाभर असा घोंघावतो आणि सोम-मंगळ आले की निम्म्यावर. गेल्या आठवड्यातही तेच. त्याच्या आधीही.

२ जुलै, बुधवार

पुन्हा तेच. सोमवार-मंगळवार मेलेले. पंचांग काढून बसलो — तिथीचा संबंध नाही. भरती-ओहोटीचा नाही. केरीच्या मच्छीमारांना विचारलं, ते हसायला लागले. सोमवारी सकाळी शाळेत जाताना तर माडांच्या झावळ्या झोडपून निघत होत्या! मग तो वारा सड्यावर चढत का नाही?

७ सप्टेंबर

चतुर्थी. पाटावर गणपती, आरती चालू, आणि मी आठ वाजता सड्यावर.

५ नोव्हेंबर, बुधवार

बेरीज करतोय. सरासरी सोळाला टेकेना. आज तर रडू आलं, खरंच सांगतो. शाळेत एका मुलाला उगाच मारलं. घरी येऊन स्वतःचीच लाज वाटली.

मालती म्हणाली, ‘वारो तुमच्या हातांत आसा काय? त्या वाट्यांवांगडा तुमची तकलीय फिरपाक लागल्या.’

२३ डिसेंबर, मंगळवार

नीट लिहितो.

भाषेच्या आंदोलनात खाली रस्त्यांवर झाडं आडवी टाकलीत म्हणे. बस आलीच नाही. क्लास बुडाला. आलोय तर आकडा तरी टिपू म्हणून फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मंगळवारी सड्यावर गेलो. गवत आडवं होत होतं इतका वारा. आणि वर वाट्या — गप्प!

काथ्याच्या दोरीने बांधलेल्या. छान, नीट, फूल खोचून!

विठूला हाक मारली. लपला नाही, नाकारलं नाही. उलट खूश होऊन आला. ‘मास्तर, आज कशे?’

हे तू केलंस?

‘मीच. बैलाक लेगीत आठवड्याक एक दीस जोताक लायनात मू? हें बापडें रातदीस फिरता. एक दीस तरी सुसेग जांव दी. फांतोडेर बांधतां, बुधवारा फांतोडेर सोडटां. तुमच्या आदीं.’

पहाटे बांधायचा, दुसऱ्या पहाटे सोडायचा — कधीपासून?

‘शिगमो सरल्या उपरांत.’ म्हणजे एप्रिलपासून.

पावसातसुद्धा? पावसातसुद्धा! तोल जाऊन मेला असतास तर?

‘माडापरस ल्हान तें.’

मी ओरडत सुटलो. काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. बैलाला सोडतात सोमवारी, तुला मंगळवार कुणी शिकवला, असंही ओरडलो. तो काहीतरी सांगायला लागला, मी ऐकलं नाही. तरातरा खाली उतरलो. मागे बघितलं तेव्हा तो दोरी सोडत होता.

२४ डिसेंबर

रात्रभर हिशेब. मंगळवार वगळले तर सरासरी सव्वाअठरा!! सडा पास आहे. होताच!

पण वहीत मंगळवारी शून्य नाही. मंगळवारी निम्मा वारा आहे — माझ्या सहीने. वाट्या बांधलेल्या असताना मी ‘स्वतः पाहिले’ ते काय? विठूचं खरं सांगितलं की माझं खोटं उघडं.

२८ डिसेंबर, रविवार

नवी वही आणली. वर्षभराच्या सगळ्या नोंदी पुन्हा उतरवतोय. एप्रिलपासूनच्या मंगळवारांना शून्य, राहिलेला वारा सोमवारांना. प्रत्येक ओळीपुढे नेहमीचं — ‘स्वतः पाहिले’ आणि सही. खरं म्हणजे हेच खरे आकडे! शाई दोन प्रकारची वापरली, म्हणजे जुनी वाटेल. हे मला कुणी शिकवलं? मुलांच्या कॉप्या पकडता पकडता शिकलो असेन.

२ जानेवारी १९८७

वही पाठवली. सोबत पत्र — ‘एका अशिक्षित इसमाने अंधश्रद्धेपोटी दर मंगळवारी यंत्र बांधून ठेविले. यंत्र नादुरुस्त असावे अशा समजुतीने मी शून्य नोंदवीत राहिलो.’ टाईप केलं. एकही चूक नाही.

मालतीने वाचलं. ‘अशिक्षित इसम म्हणजे विठूभाऊ?’ एवढंच. चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या आमच्या माटोळीचा नारळ तोच आणून देतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोकणी राजभाषा झाली. शाळेत मास्तरांचे दोन गट वेगवेगळे बसले. मी घरात कोकणी बोलतो, इथे मराठी लिहितो — कुठल्या बाजूला उभं राहू? सर्व्हेचं उत्तर नाही. दुसरं काही सुचत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

बुधवारी उत्तर आलं. सरकारी यंत्रात ढवळाढवळ हा गुन्हा असल्याने इसमाचं नाव-गाव कळवावं, पेडणे पोलिसांत तक्रार देऊ. मग मंगळवार वगळून आकडे मान्य होतील.

म्हणजे विठूचं नाव दिलं तर चक्क्या. नाही दिलं तर खांब जाणार.

तीन दिवस पत्र खिशात घेऊन हिंडतोय. विठू आता सड्यावर भेटत नाही. मी दिसलो की खोपटात जातो.

२२ एप्रिल

नाव दिलं.

३० मे, शनिवार

राज्य झालं! फटाके, मिठाई, मुलांची फेरी. गोवा पंचविसावं राज्य. मीही ओरडलो जोरात. ओरडताना बरं वाटतं, थांबलं की पुन्हा विठू आठवतो. साहेब मंगळवारी येणार, तक्रार देण्याआधी जागेवर चौकशी करायची आहे म्हणे. विठूलाही बोलावलंय. मालती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलते.

२ जून १९८७, मंगळवार

खांबाशी आम्ही तिघे. विठू धुतलेला सदरा घालून आला होता. नायकसाहेबांनी शांतपणे विचारलं, यंत्र मंगळवारीच का बांधलं?

विठू माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मास्तर मंगळवारा येनाशिल्ले. म्हटलें, मशिनीची सुटी आसतली.’

साहेबांनी वही उघडली, मंगळवारच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं — ‘स्वतः पाहिले.’