चालत्या तट्टूचं माप

ती. ताईस,

धाकट्याचा (तुझ्या मते अजूनही अर्धवट असलेल्याचा) साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला असेलच. नसेल तर त्यांनी विडी थांबवावी. तुझी लेक सुट्टीत इथे खुशाल आहे, भरपूर जेवते आणि उरलेल्या वेळात मामीचं डोकं खाते.

आता आपल्या तट्टूबद्दल. त्याने उडीचा दांडा पाडला आणि पोरगी पडली, तेव्हा तू बजावलंस, की सुट्टी संपेपर्यंत ते नीट उडी मारायला शिकलं नाही तर विकून टाकायचं, आणि तोवर पोरीने वर बसायचं नाही. तेव्हापासून ती कुंपणाशी उभी राहून त्याच्याकडे बघत बसायची, आणि ते तिच्याकडे. मला काही ते बघवेना.

तबेल्याच्या मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, उडीबिडी विसरा, आधी जमिनीवर ओळीने दांडे ठेवा आणि त्यांवरून नुसतं चालवा. दोन दांड्यांत अंतर त्याच्या पावलाइतकं. आता माप म्हटल्यावर मी पडलो शिंपी, मी कशाला आणखी कुणाला विचारतोय? तट्टूला गिऱ्हाइकासारखं ताठ उभं केलं (हात खाली सोडा, असंही तोंडातून गेलं), पुढच्या खुरापासून मागच्या खुरापर्यंत टेप लावली आणि त्या मापाने दांडे मांडले. त्याने एकूण एक लाथाडले. मास्तर पोट धरून हसले. माप चालत्याचं घ्यायचं असतं म्हणे, उभ्याचं नाही. (मी जन्मभर उभ्या माणसांचीच मापं घेतली. बसल्यावर त्यांच्या विजारी का उसवतात, ते आता कळलं.)

मग मऊ मातीत त्याला चालवलं, खुरांचे ठसे मोजले, दांडे पुन्हा मांडले. आणि ताई, काय सांगू तुला! मान खाली घालून, एकेक दांडा नीट बघून, ते एकेक पाय असा अलगद उचलायला लागलं, की मी श्वास घ्यायचं विसरलो. मग दुडकी चाल. मग शेवटचा दांडा विटांवर, रोज थोडा उंच, आणि त्याच्या अलीकडे जमिनीवर एक दांडा, म्हणजे कुठून उडायचं ते कळावं. काल विटांवरचा दांडा माझ्या गुडघ्याएवढा होता. तट्टूने पुढचे पाय छातीशी दुमडले, पाठ गोल केली, आणि एवढं अवजड जनावर आवाज न करता वरून गेलं. दांडा हललासुद्धा नाही. मी टोपी काढून उभा राहिलो. त्याला एरवी खादाड म्हणणारी मामी खरकट्या हातांनी बाहेर आली होती, ती हात धुवायला आत गेलीच नाही. एवढं सुंदर काही आपल्या अंगणात घडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

लोभ आहेच, तो जरा तट्टूवरही करावा.

तुझा धाकटा

ता. क. तेव्हा तट्टू विकू नये.

आणखी ता. क. काल खोगीर रिकामं नव्हतं, हे वर लिहायचं राहिलं. तुझी लेक बसली होती. रागवायचं ते माझ्यावर. उतरल्या उतरल्या म्हणाली, आईने बघायला हवं होतं. म्हणून रविवारी ये.

शेवटचं ता. क. कुंपणाशी उभी राहा, पण "अगं पडशील" म्हणून ओरडू नकोस. मागच्या वेळी तू तेच ओरडलीस, आणि तट्टू बिचकलं ते त्यानेच. "हे आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल," असं पोरीने मला बजावलंय. म्हणून सांगत नाही, नुसतं लिहितोय.