हॅनाचं पातेलं

वेस्ट विंडसर,
११ जानेवारी २०२६

प्रिय रत्ना,

सप्रेम नमस्कार. तू, चारुता आणि जावई सगळे बरे असाल. बॉथेलला या दिवसांत सूर्य दिसतच नाही म्हणतात; तुझ्यासारख्या खिडकीत बसून वाचणारीचं कसं चाललंय कोण जाणे.

इकडे दोनदा बर्फ पडून गेला. शंतनूने हौसेने फावडं हातात घेतलं, कंबर धरली, आणि आता आठवडाभर घरातल्या प्रत्येकाला आळीपाळीने ती कंबर कुठे दुखते ते दाखवत फिरतोय. दीपाला ऑफिसमधून मान वर करायला फुरसत नाही. आन्याचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तिचं इंग्लिशही मला आता तिच्या मोडक्या मराठीइतकंच कळतं.

बुधवारी संक्रांत. तिळाचे लाडू केले, पण पाक जरा पुढे गेला आणि लाडू असे झालेत की शंतनूने एक टेबलावर आपटून दाखवला. तुझ्यासाठी डबा भरला होता. मग काढून ठेवला. लाडू हातावर ठेवताना जे म्हणायचं असतं, ते तुला म्हणायला माझं तोंड नाही.

फोन का केला नाही, असं तुला वाटत असेल. तीनचारदा नंबर काढला होता. पण मी तुला ओळखते. मी सुरुवात करते न करते तोच तू म्हणाली असतीस, "जाऊ दे गं शैलजा." आणि खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं. ते मिळालं की मी पुन्हा निवांत. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

शनिवारी सोसायटीची सभा आहे. तिथे मला बोलायचंय. इंग्लिशमध्ये माझी गाडी अडते, आणि अडली की मी हसून वेळ मारून नेते, हे तू पाहिलंयस. म्हणून आधी मराठीत सगळं पहिल्यापासून मांडून बघते. तुला माहीत असलेलंही परत वाचावं लागेल, ते सोस.

नागपूरचं घर विकून मी शंतनूकडे आले तेव्हा दिवसभर डिशवॉशरचा आवाज ऐकत बसायचे. देवळात भेट झाली आणि तू मला ओढत ऑल्डरफोर्डला, त्या दगडी घरात नेलंस. हिस्टॉरिकल सोसायटी म्हणजे मला वाटलं सूटबूट घातलेली माणसं असतील. बघते तर आपल्यासारख्याच रिटायर झालेल्या आठदहा बायका-पुरुष, घरून आणलेला केक, आणि सगळ्यांच्या वर मार्जरी, काठी टेकत हुकूम सोडणारी. मला ती लगेच आवडली. आमच्या शाळेच्या हेडमास्तरीणबाई अशाच होत्या.

तू तिथली गाइड. १७७७ च्या जानेवारीत प्रिन्स्टनची लढाई झाली, दोन्हीकडचे जखमी या घरात आणून टाकले, आणि हॅना नावाच्या विधवेनं एकाच पातेल्यातून वॉशिंग्टनच्या माणसांना आणि इंग्रजांच्या माणसांनाही पेज वाढली. तू हे सांगायचीस तेव्हा अमेरिकन माणसं डोळे पुसायची. मी मागे उभी राहून केकच्या बशा गोळा करायचे.

आजूबाजूच्या गावांकडे त्या काळचे कागद आहेत, पाट्या आहेत. ऑल्डरफोर्डकडे नुसती सांगोवांगी. मग चुलीमागची भिंत दुरुस्त करताना ते तांब्याचं पातेलं सापडलं. बाहेरून काजळीनं काळंमिट्ट, कल्हई कधीच उडालेली, आणि तळाला करपून घट्ट बसलेला थर. युनिव्हर्सिटीची माणसं नव्या वर्षात येऊन तो थर तपासणार होती, धान्य कुठलं, किती जुनं. मार्जरी सगळ्यांना सांगायची, आमच्याकडे कागद नाही पण पातेल्याच्या बुडाशी खरवड आहे.

थँक्सगिव्हिंगच्या आधी पातेल्याचे फोटो काढायला फोटोग्राफर येणार होता. त्या दिवशी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असा सोसायटीचा नियम. तू तो माझ्यासाठी मोडलास. "हीटर लावून ठेव, गार पडलं तर माझा क्लोक घाल," एवढंच म्हणालीस. तो लाल लोकरीचा पायघोळ झगा, डोक्यावर ओढून घ्यायचा, हॅनाच्या काळातला नमुना बघून तू स्वतः शिवलेला. मी तो घातला, मागच्या पडवीतल्या सिंकपाशी गेले, आणि चिंच-मीठ लावून ते पातेलं लख्ख घासलं. बाहेरून आणि आतून. करपलेलं निघेना, तेव्हा उलथन्याने खरवडलं.

मला माहीत नव्हतं गं. आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की घरातली तांब्यापितळेची भांडी आधी काढतात. काळं भांडं चारचौघांत मांडायचं म्हणजे घरच्या बाईची लाज. हात आपोआप चालले. आणि पातेलं असं दिसायला लागलं, रत्ना, की मी पाच मिनिटं नुसती त्याच्याकडे बघत उभी होते. त्या घरात पहिल्यांदाच मला काहीतरी छान जमलं होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. पातेलं बघून मार्जरी रडली; तिला मी दोनदाच रडताना पाहिलं, त्यातली ही पहिली वेळ. डिसेंबरच्या सभेत मार्जरीने विचारलं, हे कुणी केलं, तेव्हा शेजारचा वॉल्टर म्हणाला, पानं गोळा करताना मागच्या खिडकीतून लाल क्लोक दिसला. सगळ्यांची तोंडं तुझ्याकडे वळली. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, पण मला पुरेसा वेळ दिलास. मी समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्याले.

मग तू म्हणालीस, "किल्ली माझ्याकडे होती, जबाबदारी माझी." यात एक अक्षर खोटं नव्हतं. मार्जरी तुला सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणाली. इतकी वर्षं तू त्या घराची धूळ झटकलीस आणि ती तुला निष्काळजी म्हणाली. तू क्लोक खुंटीला अडकवलास, किल्ली टेबलावर ठेवलीस. परतताना गाडीत तू मला, नेहमीच्या दुकानात कोथिंबीर घ्यायला थांबायचंय का, असं विचारलंस. मी हो म्हणाले. त्या कोथिंबिरीची मला अजून शिसारी येते.

तू नाताळला बॉथेलला चारुताकडे गेलीस ती परत यायचं तिकीट न काढताच, हे मला नंतर कळलं.

आता तुला माहीत नसलेलं. तीन जानेवारीचा लढाईचा स्मृतिदिन, त्यात हे देशाचं अडीचशेवं वर्ष. गर्दी होणार हे ठरलेलं आणि हॅनाची गोष्ट सांगायला कोणी नाही. मार्जरीने मला विचारलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी आधी 'मला कुठे येतंय' म्हणाले, आणि मग घरी आरशासमोर तुझी वाक्यं पाठ केली. तू "अँड शी डिड नॉट आस्क हूज सन ही वॉज" म्हणून थांबतेस ना, तिथे तेवढंच थांबले. मार्जरीने स्वतःच्या हाताने तुझा क्लोक माझ्या खांद्यावर घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत होती. आणि मला आनंद झाला, रत्ना. लाज वाटली ती नंतर. आधी आनंदच झाला.

शंतनू, दीपा, आन्या पुढेच उभे होते. गर्दी पांगल्यावर आन्या पातेल्यापाशी गेली आणि तिच्या त्या फटीतून हवा सोडत म्हणाली, "आजी, दॅट पॉट इज फेक, राइट? इट्स टू शायनी."

मी काही बोलायच्या आत मार्जरी काठी टेकत खाली वाकली. "नो, हनी," ती म्हणाली. "इट्स रिअल. वी जस्ट कान्ट प्रूव्ह इट एनीमोर." ती रडली ती दुसरी वेळ ही.

घरी येताना मी शंतनूला सांगितलं, पातेलं मीच घासलं. तो म्हणाला, "आई, चिल यार, म्युझियमवाल्यांचा इन्शुरन्स असतो." दीपाने मात्र गाडी चालवता चालवता विचारलं, "अँड रत्ना मावशी?" मी आन्याच्या सीटबेल्टशी खटपट करायला लागले. परक्या देशात जन्मलेली मुलगी, पण नेमकं बोट ठेवायला तिला मराठी यावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मार्जरीच्या घरी गेले. तिच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. तिने एवढंच विचारलं, "रत्नाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आय कॉल्ड हर केअरलेस. टू हर फेस." तुला फोन कसा करायचा हे तिलाही कळत नाहीये. तिचा फोन आला तर उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

इथेच पत्र संपवणार होते. चहा करून आले, वाचलं, आणि मध्ये एक ओळ आहे तिच्यापाशी अडकले. 'मला माहीत नव्हतं गं,' असं मी लिहिलंय. ते खोटं आहे.

तू मला सांगितलं होतंस. ऑक्टोबरमध्ये, गाडीत, प्रिन्स्टनच्या सिग्नलला. म्हणालीस, शैलजा, त्या पातेल्याला बोटसुद्धा लावायचं नाही हं, त्या खरवडीत आख्खं घर आहे. मी ऐकलं होतं. मनात म्हटलं, ही अमेरिकन माणसं घाणही जपून ठेवतात आणि आमची रत्ना त्यांच्यातलीच झाली. आणि हात आपोआप चालले हेही खोटं. चिंचेचा गोळा मी घरून पिशवीत घालून नेला होता.

का, याचं उत्तर मी बरेच दिवस टाळलं. तुम्हा सगळ्यांना इतिहास येत होता, मला भांडी घासता येत होती. तुझ्या मागे उभी राहून बशा गोळा करायचा मला कंटाळा आला होता. वाटलं, फोटोत ते पातेलं चमकेल, मार्जरी विचारेल हे कुणी केलं, आणि एकदा तरी रत्नाचं नाव न येता माझं येईल. मार्जरीने तेच विचारलं बघ, सभेत, सगळ्यांसमोर. आणि तेव्हा मी पाणी प्याले.

तू माझ्यासमोर कधी मिरवली नाहीस. मला तिथे नेलंस, माझ्यासाठी नियम मोडलास, अंगावरचा क्लोक दिलास. मी तुझा हेवा केला. आणि माझ्या हातून गेलं ते नुसतं सोसायटीचं नव्हतं. हॅना नावाची एक बाई होती, तिने रांधलं होतं, याचा तेवढाच पुरावा उरला होता. रांधणाऱ्या बाईचं मागे काय राहतं हे मला कळायला हवं होतं. जन्मभर तेच केलंय मी.

ती ओळ खोडत नाही. आहे तिथे राहू दे. शनिवारी सभेत दोन्ही सांगेन, आधी काय म्हणाले तेही आणि खरं काय तेही. त्यानंतर मला त्या घरात येऊ द्यायचं की नाही हे ते ठरवतील. तू परत यावंस असं मला फार वाटतं, पण ते मागायचा हक्क मी घालवलाय. नुसतं कळवते की किल्ली मार्जरीने कुणालाच दिलेली नाही. अजून टेबलावर तू ठेवलीस तिथेच आहे.

सोबतच्या पार्सलमध्ये तुझा क्लोक आहे. मार्जरी म्हणाली, आधी ड्रायक्लीन करून घे. मी नको म्हटलं. उजव्या काठाशी बघ, तळहाताएवढा काळपट डाग आहे, घासताना उडालेल्या चिंचेच्या पाण्याचा. तीन तारखेला मी तो घडीत दुमडून वर पिन लावली होती. आता पिन काढली आहे. लोकरीवरचा चिंचेचा डाग कसा काढायचा ते मला येतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

या वेळी काही घासलेलं नाही. जसं आहे तसं पाठवते.

तुझी,
शैलजा