तुझ्या सिनेमात अव्वाला जाळल्याबद्दल

ताडकळस,
ता. १७ जानेवारी १९८९

चि. रेवणसिद्ध यास (पडद्यावर तुझ्या नावापुढं 'दिग्दर्शक' असं होतं, ते इथंही लिहिलं असं समज) थोरला भाऊ वीरुपाक्ष याचे शरणार्थ आणि आशीर्वाद. इकडं सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दुकान चालू आहे, तुझ्या वहिनीचे, महानंदाचे गुडघे चालू नाहीत, आणि अव्वा (आपली आई, सिनेमातली नव्हे) दसऱ्यापासून बाजेवर आहे. परभणीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की, काळीज लय थकलंय, पुढचा सण धरून चालू नका. कोणता सण ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. हे तुला मागच्या दोन कार्डांत लिहिलं होतं. उत्तर नाही, म्हणजे तुला फुरसत नसावी. पेपरातल्या फोटोत तुझी तब्येत बरी दिसायलीय, दाढी सोडली तर.

पत्रास कारण तुझा सिनेमा. तू कळवलं नाहीसच, पण किशनराव मास्तरांनी (ज्यांनी तुला चौथीत दोनदा बसवलं आणि आता 'आमचा विद्यार्थी' म्हणत पारावर मिरवायलेत) पेपरातून शोधून काढलं की तो परभणीला दुपारच्या खेळाला लागलाय. पहिले दोन दिवस बंदात गेले. (बंद कशाचा ते सांगायला नको, हल्ली मराठवाड्यात बंद म्हटलं की विद्यापीठाच्या नावावरूनच.) तिसऱ्या दिवशी अव्वा बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, मला न्या. डॉक्टरांनी तिला धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलेलं, आणि आपला रस्ता तुला ठाऊक आहे. मी नाही म्हणालो. तिनं जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीचा केळी वाहायचा टेम्पो दुकानासमोर उभा होता, टेम्पोत दुकानातली गादी, गादीवर अव्वा, आणि अव्वाला सांभाळायच्या नावाखाली सिनेमाला निघालेली आम्ही अठरा माणसं.

रस्त्यात काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण तुझ्या सिनेमात रस्त्यात काहीच होत नाही. मागच्या निवडणुकीआधी टाकलेली खडी अजून तशीच पडून आहे (रोलर यायचाय, तो कोणत्या निवडणुकीला येतो ते बघायचं). पहिलं चाक तिथंच बसलं. लिंबाजीनं जादा चाक काढलं, ते बसलेल्याहून गुळगुळीत. जॅक नव्हता, तो त्यानं मेव्हण्याला दिलेला. मग सगळ्यांनी मिळून एका बाजूनं टेम्पो उचलून धरला, अव्वासकट, कारण ती उतरायला तयार नव्हती. म्हणाली, उतरले की मला हितंच ठेवून जाल. शेजारच्या भुजंगला हात लाव म्हटलं तर तो म्हणाला, मी देखरेख करतो. पुढं रेल्वेचं फाटक पडलेलं आणि मालगाडी मधोमध उभी. तिथं महानंदानं परतीसाठी बांधलेल्या भाकरीही लोकांनी जातानाच संपवल्या. टॉकीजच्या दारावरच्या माणसानं आम्हाला बघून विचारलं की वऱ्हाड कुठलं. आत आमच्याशिवाय सहा जण होते, त्यातले चार झोपायला आलेले.

आता तुझी गोष्ट तुलाच सांगतो, म्हणजे ती आम्हाला कशी दिसली ते तुला कळेल. एका गावात आई मरते. दोघं भाऊ तिला जाळतात, अस्थी तांब्यात भरतात, आणि तांब्या घेऊन जुन्या जीपमधून कोकणात समुद्रावर निघतात. थोरला सारखी कुरकुर करतो, धाकटा सारखा बाहेर बघतो. दोन तास हेच. शेवटी समुद्र येतो, तांब्या रिकामा होतो आणि दिवे लागतात. पेपरवाल्याला हे लय आवडलंय. तो बहुतेक एसटीनं फिरत नसावा.

पण सगळ्यात आधी तो फोटो. पोळ्याला तू आलास तेव्हा 'जवळ असू दे' म्हणून भिंतीवरचा अव्वाचा फोटो काढून घेतलास. महानंदानं पदरानं डोळे पुसले, भावजींना आईची किती माया म्हणाली. तोच फोटो पडद्यावर, भिंतीएवढा, वर झेंडूचा हार आणि पुढं उदबत्ती. कडूबाईनं (अव्वाची मैत्रीण, तुला लहानपणी हिच्याच ओट्यावरून ओढून आणावं लागायचं) जो हंबरडा फोडला, तिच्या मागं आणखी तिघींनी. अव्वा त्यांच्या मधोमध बसलेली. तिनं कडूबाईला कोपरानं ढोसून सांगितलं की मी हाय अजून. कडूबाई म्हणाली, तू हायस ते दिसायलंय, मी फोटोसाठी रडायले. झोपायला आलेल्या चौघांपैकी दोघं उठून गेले.

परतीच्या वाटेवर मतं निघाली. लिंबाजीचं मत असं की जीप खोटी आहे. एवढा मुलूख, वर घाट, आणि एकदाही बॉनेट उघडत नाही, पाणी टाकत नाही. धाकटा आरशात बघतो तेही स्वतःचे केस. कडूबाईचं मत, दोन जवान माणसं तीन दिवस रस्त्यावर आहेत आणि एकाच्याही हातात भाकरीचं फडकं नाही, तेव्हा त्या घरातली बाई कशानं मेली ते कळलंच. भुजंग पूर्ण वेळ झोपला होता, त्यामुळं त्याचं मत सगळ्यात लांबलं. मध्यंतरानंतर सिनेमा पडतो, असं त्यानं तीन प्रकारे सांगितलं. किशनराव मास्तर म्हणाले की रस्ता हे जीवनाचं प्रतीक आहे, आणि हे बोलून झाल्यावर त्यांनाच शंका आली की मग गंगाखेड का नाही? त्यावर सगळा टेम्पो पेटला. गोदावरी इथं दाराशी, आख्खा जिल्हा अस्थी घेऊन गंगाखेडला जातो, सकाळच्या एसटीनं गेलेला माणूस दुपारी जेवायला घरी. हे दोघं गंगाखेडला गेले असते तर सिनेमा मध्यंतराआधीच संपला असता आणि भुजंगला मत बनवायला वेळच मिळाला नसता.

माझ्याविषयी काही लिहिणार नव्हतो. तुझ्या सिनेमातला थोरला भाऊ भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळतो, जीपचं दार तीनदा ओढून बघतो आणि घसा खाकरल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो पडद्यावर आला तशी आमच्या रांगेतली सगळी डोकी माझ्याकडं वळली. मी घसा खाकरला. महानंदा सगळ्यात आधी हसली, ती अजून हसायलीय. दुकान बंद करताना मी कुलूप ओढून बघितलं की आतून हसू येतं. मला राग नाही. (आहे.) मफलर मी थंडीतच घालतो, काढायला जरा उशीर होतो एवढंच.

आता मुद्द्याचं. आपण लिंगायत. आपल्यात माणूस जाळत नाहीत. हातात लिंग देऊन, विभूती लावून मातीत बसवतात. हे ताडकळसात परजातीच्यालाही माहीत आहे, तुला माहीत नाही. मातीत बसवलेल्या बाईच्या अस्थी तुझ्या तांब्यात आल्या कुठून? अस्थी नाहीत तर तांब्या नाही, तांब्या नाही तर जीप नाही, आणि जीप नाही तर तुझा सिनेमा नाही. म्हणजे तुला रस्ता पाहिजे होता म्हणून तू आईला जाळलंस. बरं, जाळायची तर कोणाचीही आई जाळायची होतीस, मुंबईत काय आयांचा तोटा आहे? आपल्या भिंतीवरचीच न्यायची काय गरज होती? टेम्पोत एवढी मतं झाली. पुन्हा ती खडी लागली तेव्हा अव्वानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मारलं त मारलं, जाळलं कामून?"

गोष्ट इथं संपली असती तरी चाललं असतं. चौथ्या दिवशी पोखर्णीहून सिताराममामा आले, अव्वाचे मानलेले भाऊ. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली ती अशी की, चन्नबसम्मा गेली, पोरांनी तिला जाळली, आणि ते पेपरात आलंय. दुखवट्याचा टॉवेल-टोपी बगलेत आणि माझ्यासाठी शिव्या तोंडात, अशा तयारीनं ते ओसरीवर चढले. समोर अव्वा वाटाणे सोलत बसलेली. मामा तिच्यावरच चिडले, म्हणाले, दीड दिवसाचं काम टाकून आलो ना मी. अव्वानं त्यांना चहा दिला आणि टॉवेल-टोपी ठेवून घेतली. पुन्हा आणायचा ताप कशाला, म्हणाली. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. डॉक्टरांना मी हे सांगितलं, ते हसले नाहीत.

मामा गेल्यावर मी तुझा लय उद्धार केला. मुंबईला जाऊन आपली माती विसरला, रीत विसरला, असं बरंच. अव्वा ऐकून घेत होती. मग म्हणाली, "त्यानं अप्पाला मातीत बसवताना पाह्यलं कुठं? त्याला कसं कळावं?" आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

खरं आहे. अप्पा गेल्याची तार केली, बापाच्या मातीला तू तिसऱ्या दिवशी आलास. माती सारवून झाली होती, बेल सुकला होता. मी चार जणांसमोर म्हणालो की गाड्यांचा घोळ झाला. सात वर्षं हेच सांगायलोय, पण घोळ गाड्यांचा नव्हता, तुझं कसलं तरी शूटिंग चालू होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. या खेपेला मी तार करणार नाही. तिसऱ्या दिवशी यायचं असेल तर येऊच नकोस. आम्ही सांगू की आला होता, सिनेमात.

तेव्हा एकंदर ताडकळसचं मत असं की सिनेमा वाईट आहे. बाकी सर्व ठीक. वहिनीचा आशीर्वाद आहे, माझाही आहे, दाढी काढलीस तर दोन्ही लागतील.

तुझा,
वीरुपाक्ष

ता. क. १ : अव्वाचा फोटो हार काढून परत पाठव. भिंतीवर पांढरा चौकोन पडलाय आणि आल्यागेल्याला काय सांगावं ते सुचत नाही.

ता. क. २ : हे लिहिणार नव्हतो. शनिवारी माल आणायच्या निमित्तानं परभणीला गेलो आणि सिनेमा पुन्हा पाहिला, एकटा. वाटेत एके ठिकाणी जीप उन्हात थांबते, धाकटा पाणी प्यायला जातो, तेव्हा थोरला तांब्या उचलून झाडाच्या सावलीला ठेवतो आणि धाकटा यायच्या आत परत जागेवर आणतो. पहिल्या खेपेला लोक हसत होते, माझ्या ते ध्यानातच आलं नाही. असं मी कधी केलं, आणि तुला ते कुणी सांगितलं, कळत नाही. महानंदाला सांगू नकोस.

ता. क. ३ : अव्वाचं मत कळवायचं राहिलं, खरं तर पत्र त्यासाठीच होतं. जाळल्याचं ती विसरलेली नाही. पण काल म्हणाली, "जित्यापणी मला परभणीच्या म्होरं कुणी नेलं न्हाई. ह्यानं तांब्यात घालून का व्हईना, समुद्रापर्यंत नेलं." हे माझ्या तोंडावर म्हणाली, आणि पन्नास वर्षं हिला मी कुठं नेलं ते मला आठवंना. तिला तो समुद्र बघायचाय. पुढच्या सीटवर बसून. मग आणून अप्पांच्या शेजारी बसवा म्हणते, बिनजाळता. तर पत्र मिळताच ती जीप घेऊन नीघ. मोडकी असली तरी चालेल, मागं बसायला आणि ढकलायला मी आहे. डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारलं तर ते नको म्हणतील, आणि मग मला त्यांचं ऐकावं लागेल.