कुणाकडून ऐकलं?

अल्लाहच्या नावाने. मी, या गल्लीत पन्नास वर्षं पुस्तकं बांधत आलेला, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचं तसं पत्र सोबत जोडलं आहे, कारण माझा धाकटा भाऊ नेमकी तीच शंका काढणार.

ही वही मी स्वतः शिवली आहे. पानं चार, टाके सात, धागा पांढरा. आठवा टाका दिसला तर मागाहून कुणीतरी पान घुसडलं, असं खुशाल समजावं.

कलम १. गल्लीत मला 'कुणाकडून' म्हणतात. पैगंबरांनी असं फर्मावलंय, असं कुणी म्हणालं की मी विचारतो, "कुणाकडून ऐकलंस? आणि त्याने कुणाकडून?" हदीसचे ग्रंथ बांधता बांधता ही खोड लागली. त्यांत प्रत्येक वचनाआधी ते सांगणाऱ्यांची साखळी दिलेली असते, आणि एक कडी कच्ची निघाली की वचनावर भरवसा ठेवता येत नाही. धाकटा रोज सकाळी मोबाइलवर एक वचन पाठवतो, खाली गुलाबाचं फूल. साखळी विचारली की फुगून बसतो.

कलम २. माझ्या मालकीचा तळमजला, कलम ४ प्रमाणे देणं देऊन उरेल तो, मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. हे हिस्से कुराणाने ठरवलेत, तिथे माझी मर्जी चालत नाही. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "अब्बा, दुकान माझ्या एकट्याच्या नावावर लिहा. कुराणात मृत्युपत्र करा असं आहे. वारसाला देऊ नका असं कुठे आहे?"

मी म्हटलं, "नमाज पढा असंही कुराणात आहे. किती रकात, किती वेळा झुकायचं, ते कुठे वाचलंस?"

वारसाला मृत्युपत्राने जास्तीचं देऊ नये, आणि वारस नसलेल्याला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, हे, रकातींसारखंच, हदीसने सांगितलं, तेही पक्क्या साखळीने. मुलाला हदीस नकोत, धाकट्याला वाटेल ती चालतात. सोयीचं तेवढं धरायचं, यात दोघेही सारखेच. दुसऱ्या दिवशी मुलगा टेप घेऊन दुकान मोजताना सापडला. म्हणे फळी बसवायची आहे. ती फळी काही अजून बसलेली नाही.

कलम ३. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, दाभणं आणि कात्र्या गल्लीतल्या वाचनालयाला द्याव्यात. खळीचं पातेलं ज्याला हवं त्याने न्यावं.

कलम ४. वाटणी करताना हे कलम आधी धरावं, कारण दुसऱ्याचा हक्क वाटणीच्या आधी फेडायचा असतो.

आमचे अब्बा गेले त्याला चौतीस वर्षं झाली. मागे आम्ही दोघे भाऊ आणि थोरली बहीण, आपा. घराचा पाचवा हिस्सा तिचा. पण दफन उरकल्यावर धाकटा म्हणाला, "शेवटच्या सकाळी अब्बा बोलले, घर तीन वर्षांपूर्वीच दोघा मुलांना देऊन टाकलंय." दुसरा साक्षीदार लागत होता. मी म्हटलं, मीही ऐकलं.

आपाने एवढंच विचारलं, "तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस?"

"हो."

"मग झालं. तू उगीच कशावर विश्वास ठेवणाऱ्यातला नाहीस." तिने चपला घातल्या आणि गेली. पुन्हा या घरात आली नाही.

मी ऐकलं नव्हतं. मी खाली खळ ढवळत होतो, अब्बा असं बोलल्याचं धाकट्याने येऊन सांगितलं. त्याच सकाळी मी अब्बांना चमच्याने पाणी पाजलं होतं. त्यांची वाचा दोन दिवस आधीच गेली होती, पाणी हवं असलं की ते बोट हलवत. साऱ्या जगाला मी साखळी विचारली, त्या दिवशी धाकट्याला विचारली नाही. घर दोघांतच वाटलं तर वरचा मजला त्याला, तळमजला मला, आणि मला दुकान हवं होतं. याची मला लाज वाटते, रोज वाटते.

तरी आपाच्या हिश्श्यातला मी दाबलेला अर्धा भाग तिचा हक्क म्हणून सर्वांआधी द्यावा. धाकट्याने दाबलेला अर्धा मी मृत्युपत्राने देता येणाऱ्या माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून देतो. मला मुलगा असल्यामुळे आपा माझी वारस नाही, म्हणून हदीसचीही आडकाठी नाही. दोन्ही मिळून बरोबर पुढची खोली होते, म्हणजे दुकान. विश्वास नसेल तर मुलाला विचारावं, त्याने मोजलंच आहे.

कलम ५. धाकट्याला काही नाही. तो नक्की म्हणेल की भाऊ शेवटी मला अमुक बोलला. माझ्या शेवटच्या सकाळी मी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही, हे आजच लिहून ठेवतो.

कलम ६. माफी अशी कागदावरून मागायची नसते. उद्या सकाळी आपाकडे जाऊन मी तोंडाने सांगणार आहे. त्याआधीच मेलो, तर साक्षीदारांनी कलम ४ तिला वाचून दाखवावं. ती विचारेल, कुणाकडून ऐकलंत? सांगावं, ज्याने ऐकलं नव्हतं त्याच्याकडून.

ठिकाण: दुकान, पुढची खोली
दिनांक: ११ ऑक्टोबर
सही: बांधणीवाला

साक्षीदार: समोरचा घड्याळजी, शेजारच्या निवृत्त शिक्षिका. दोघांनी मला लिहिताना आणि सही करताना समोर बसून पाहिलं. ऐकीव माहितीवर कुणीही सही केलेली नाही.