तळ्याकाठची नवमी

४ सप्टेंबर, गुरुवार

गाडीतली दुसरी रात्र गेली. पाठ धरलीय. दूधवाल्याच्या व्हॅनएवढी गाडी; आत दोन फळ्या, हात धुवायचं एवढंसं भांडं, एक गॅस. छत वर उचललं जातं, तिथे निखिल झोपतो, खाली मी. पाय पूर्ण पसरत नाहीत. तरी सकाळी पलंगपोस नीट दुमडून कोपरे खोचले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलेलं हातातून जात नाही.

परवा केतकी सोबत आली, निशी-कसाईच्या त्यांच्या घरून दोन ट्रेन बदलून. इथल्या स्टेशनवर मला उतरवलं आणि प्लॅटफॉर्मवरूनच परत फिरली. निखिल बाहेर उभा होता, त्याला भेटली नाही. सुनेला काय बोलू? जूनमध्ये ‘दोन दिवस कॅम्पिंगला जातो’ म्हणून निघालेला नवरा सप्टेंबर उजाडला तरी तळ्याकाठी गाडीत राहतोय. ऑफिस त्याच्याही आधी सोडलेलं, तिला न सांगता. महिनाभर डबा घेऊन निघायचा आणि कुठेतरी बसून संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचा.

येताना ट्रेनमध्ये म्हणाली, “आई, तुम्ही जाल तेव्हा तो घरी आलेला नसला, तर तुमच्याच विमानाने मी आणि ईरा पुण्याला येतोय. ईराच्या शाळेचं मी बघून ठेवलंय.”

रडली नाही. रडली असती तर मला धीर आला असता. माझं विमान सत्तावीसचं.

६ सप्टेंबर, शनिवार

शनिवार-रविवारी या कॅम्पिंगच्या पार्कात माणसं येतात म्हणून गाडी मागच्या रांगेत आणली. तिथे वीज नाही, नळ लांब, म्हणून स्वस्त. पुढे मोठमोठ्या गाड्या, तंबू, मुलं, मांस भाजल्याचा धूर. निखिलने दिवसभर पडदे लावून ठेवले.

सकाळी लवकर जाग आली तर वर अंथरूण रिकामं. तळ्याकडे धावत गेले, तर हा भांडी घासायच्या ओट्याशी. सगळ्या मोऱ्या घासत होता, जाळीत अडकलेलं शीत न् शीत बोटांनी काढत होता. कुणी सांगितलेलं नाही. रोज करतो म्हणे. इथले व्यवस्थापक एंदो-सान तिथेच पानं गोळा करत होते. सत्तरीचे असतील. दोघं एकमेकांच्या शेजारी काम करत होते. माझ्या मुलाचा चेहरा तेवढ्या वेळात जरा माणसासारखा दिसला.

९ सप्टेंबर, मंगळवार

कुकर लावायचा नाही. शिट्टीने लोक दचकतात. पातेल्यात भात, वर ताटली, ताटलीवर दगड. भात बरा होतो.

निखिल बोलत नाही. मीही विचारत नाही. आठवीत रिट्रीटला आम्हाला मौन असायचं. चॅपेलच्या आवारात नुसतं चालायचं, मैत्रीण समोर आली तरी मान खाली. पहिल्या दिवशी हसू आवरायचं नाही. शेवटच्या दिवशी कुणी बोललं तर राग यायचा. ते दिवस आता उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

आज जेवताना आपणहून म्हणाला, “मीटिंगमध्ये ‘निखिल-सान’ म्हणाले ना, की मला वाटायचं दुसऱ्या कुणाला हाक मारतायत. तो उत्तर देईपर्यंत मी वाट बघायचो.”

मी म्हटलं, आणि घरी?

“घरी पण.”

मग ताक मागितलं. दही होतं, घुसळून दिलं.

हे असते तर त्याच्या पाठीवर थाप मारून ‘चल ऊठ’ म्हणाले असते. त्याचा काही उपयोग झाला नसता. पण ह्यांनी ते म्हटलं असतं.

१२ सप्टेंबर, शुक्र.

केतकीचा फोन. ईराला दिला. नऊ वर्षांची पोर, माझ्याशी मराठीत दोन शब्द, मग बापाला मागितलं. निखिलने फोन कानाला लावला. ती जपानीत बोलते, तेवढं मला आता कळतं. “पापा, इत्सु काएरु नो?” कधी येणार. तो ‘अं, अं’ करत राहिला. मग तिने शाळेतल्या कासवाचं काहीतरी सांगितलं आणि हा हसला. खरंच हसला. फोन ठेवल्यावर नळावर पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

केतकीने नंतर मला मेसेज केला. दोन तिकिटं धरून ठेवलीयत. पक्की केलेली नाहीत.

१४ सप्टें., रविवार

उद्या सोमवारीही सुट्टी, म्हणून पार्क भरलंय. शेजारी एका तरुण जोडप्याचा तंबू, तीनेक वर्षांची मुलगी, गुबगुबीत. मला हात हलवते.

उद्या नवमी. अविधवा नवमी म्हणून सगळे मेलेल्या सवाष्णींना जेवू घालतात आणि ह्यांनी जायला नेमकी तीच तिथी निवडली. दोन वर्षं झाली. दहाव्याला कावळा शिवेना. ओंकारेश्वराच्या घाटावर सगळे ताटकळत उभे, भावजी म्हणाले, काहीतरी राहिलंय दादाचं. मनात सगळ्यांच्या एकच. मुलगा नव्हता ना. निखिल इथे अडकलेला, फोनवर बघत होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. निखिलला फोनमध्ये ते दिसलं होतं. त्याने कधी विषय काढला नाही. मीही नाही.

उद्या पान वाढेन म्हणते. निशी-कसाईच्या दुकानातून उडदाची डाळ आणलीय, तांदूळ आहेत, दूध आहे. निखिलला सांगितलं. “इथे नको, आई,” म्हणाला. तरी मी डाळ भिजत घातली.

१५ सप्टेंबर, सोमवार (नवमी)

सकाळी एंदो-सान आले. आज इथे वडीलधाऱ्यांच्या सन्मानाची सुट्टी असते. दोन्ही हातांनी मला एक छोटं खोकं दिलं. आत पुरणासारखं गोड भरलेल्या मऊ वड्या. वाकून काहीतरी म्हणाले. निखिलने सांगितलं, ‘खूप जगा’ म्हणतायत.

वरण, भात, खीर, वडे. एका गॅसवर दुपार झाली. कागदी ताटलीत पान वाढलं आणि झाडांच्या मागे पाण्याच्या कडेला गेले. निखिल गाडीच्या दारात उभा राहून बघत होता. मी ताटली ठेवली. हात मागे घेते न घेते तोच फांदीवरून एक उतरला. इथले कावळे कोंबड्याएवढे, काळे कुळकुळीत, चोच म्हणजे अडकित्ता. सरळ भातात चोच घातली. मग दुसरा, मग चार-पाच.

पाठीमागे पाऊल वाजलं. निखिल. अनवाणी आला होता. हात जोडून उभा राहिला आणि मग खाली बसला. “लगेच आले, आई,” एवढंच म्हणाला, पुन्हा पुन्हा, आणि लहानपणी रडायचा तसा रडला, नाकातोंडातून पाणी. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. कावळे खात होते.

मग आम्ही जेवलो. तीनदा भात घेतला त्याने. म्हणाला, ईराला वडे आवडतात. मी म्हटलं, पीठ उरलंय. म्हणाला, बघू. गेल्या पंधरवड्यात हा ‘बघू’ मी पहिल्यांदा ऐकला.

पुढचं लिहायला नको वाटतं. पण लिहिते.

कावळे गेलेच नाहीत. मला वाटलं होतं, घास घेऊन जातील, आपल्याकडे जातात तसे. इथे कावळ्यांना घालायचं नसतं, एकदा जागा कळली की थवा येतो, हे मला ठाऊक नव्हतं. निखिलला ठाऊक होतं. म्हणून ‘नको’ म्हणाला होता. चार वाजेतो सगळी रांग काळी झाली. लोक तळ्यात होड्या घेऊन गेलेले. मागे तंबूंतल्या पिशव्या फाडल्या, खाऊचे डबे उलथले, वेगवेगळा करून ठेवलेला कचरा गवतभर पसरला. शेजारच्या गुबगुबीत मुलीच्या हातात भाताचा गोळा होता. कावळ्याने हातातून ओढला. ती पुढे तोंडावर पडली, त्यांच्या बर्फाच्या पेटीच्या कडेवर. हनुवटी फुटली. केवढं रक्त.

तिचे आईवडील तिला घेऊन दवाखान्यात गेले. जाताना कुणी आवाज चढवला नाही. निखिल एकेका तंबूसमोर जाऊन गुडघ्यांवर बसून, कपाळ जमिनीला टेकून माफी मागत होता. मी त्याच्या मागे जाऊन वाकले, तर म्हणाला, “तू आत जा.” अंधार पडेपर्यंत कचरा वेचत होता.

१६ सप्टें., मंगळ.

मुलीला टाके पडले. बरी आहे, असं एंदो-साननी सांगितलं. टोपी हातात धरून उभे होते. खूप वेळ बोलले, हवेबद्दलही बोलले. मला वाटलं, मिटलं. ते गेल्यावर निखिल म्हणाला, शनिवारपासून सगळ्या जागा आरक्षित आहेत.

मी बाहेर बघितलं. सगळं पार्क रिकामं.

म्हटलं, मी जाऊन पाय धरते त्यांचे, सांग त्यांना की चूक माझी.

“त्यांना माहितीये, आई. तुझी काही चूक नाही.” हे त्याने वेळापत्रक वाचावं तसं सांगितलं. रागावला असता तर बरं.

आज सकाळी तो मोऱ्या घासायला गेला होता. एंदो-सान तिथे नव्हते.

१८ सप्टें.

पाऊस. दिवसभर छतावर दडदड. वडे नाहीत, पीठ आंबलं, टाकलं.

फोनवर नकाशा बघत पडलाय. मी चष्मा लावून हळूच पाहिलं. बोट वर वर सरकत होतं, पार उत्तरेला, समुद्रापलीकडच्या बेटावर. तिथे ऑक्टोबरातच बर्फ पडतं म्हणतात. गाडीला हीटर नाही. विचारलं, तिकडे काय आहे? म्हणाला, “कुणी नाही.”

मग म्हणाला, शनिवारी तुला केतकीकडे सोडतो.

‘हेल मेरी’ म्हणायला लागले तर मधेच रामरक्षा शिरली. दोन्ही अर्धं अर्धं. चालेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज बोलले. चहा देताना. जे ठरवून आले होते ते नाही बोलले. म्हटलं, “तुला घरी चल म्हणायला मी आले होते. आता म्हणत नाही. पण तुला या गाडीत एकट्याला सोडून मी उतरणार नाही. तू बर्फात गेलास तर मीही बर्फात.”

त्याने कप खाली ठेवला. “आई, तुझा व्हिसा संपतो.”

“मग पोलीस येऊन उतरवतील. तेही टोपी काढून बोलतील.”

ओठाचा कोपरा हलला. नक्की हलला.

संध्याकाळी केतकीला कळवलं की उद्या येतोय. ‘दोघं?’ तिने विचारलं. मी ‘गाडीने’ एवढंच लिहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी जागा सोडली. जिथे गाडी होती तिथलं गवत निखिलने हाताने विंचरल्यासारखं उभं केलं. फाटकाशी एंदो-सान वाकून उभे होते, वळणापर्यंत वाकलेलेच दिसले. निखिल आरशात बघत होता. नदीच्या पुलावर गाड्या तुंबल्या, तेव्हा म्हणाला, “हात गार पडलेत माझे.” बाहेर ऊन होतं. मी एक हात माझ्या मांडीवर घेतला, दुसऱ्याने त्याने गाडी चालवली.

चार वाजता निशी-कसाई. बिल्डिंगसमोर कडेला थांबवली, चारही दिवे लुकलुकते ठेवले. म्हणाला, “तू वर जा. मी पार्किंग बघून येतो.”

मला कळलं. मी पट्टा सोडला नाही. म्हटलं, मीही येते पार्किंग बघायला.

“आई, प्लीज.”

मी समोर बघत बसून राहिले. तोही. किती वेळ कोण जाणे. मागून एक बस आली, वळसा घालून गेली.

मग ईरा खाली आली. वरून पाहिलं असणार. घरातल्या सपाता घालूनच. माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केलं. दार उघडलं तर मला म्हणाली, “आजी, उतर ना. मला बसायचंय.” मराठीत म्हणाली.

मी उतरले. त्याला एकटं सोडणार नाही म्हणाले होते, तर माझी जागा तिला दिली. ती बसली, आणि लगेच मागे चढून वरच्या फळीवर गेली. तिथून बापाशी जपानीत काय काय बोलत होती. निखिलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

वर आले तेव्हा केतकी गॅलरीत उभी होती, हातात फोन. ती पाया पडायला म्हणून वाकली, मग तशीच माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. म्हणाली, “आई, तुम्ही तिला चढू दिलंत. किल्ली त्याच्याकडेच आहे ना?”

हो म्हटलं.

“इंजिन?”

इथून ऐकू येत नाही. सातवा मजला.

“मी खाली जाऊ का?”

थांब म्हटलं. थोडं थांब. बरोबर सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. तिने गॅसवर दूध ठेवलं आणि परत गॅलरीत आली. मी दाराशी स्टुलावर बसून हे लिहितेय, म्हणजे हाताला काही काम असावं. अंधारून यायला लागलंय. मधूनच मान वर करते. ती बघतेय. गाडी आहे.